वीजदराची सुनावणी आणि राणीसावरगावचा ग्राहक

बालाघाटच्या डोंगररांगांलगत, परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव वसले आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीज निर्माण होत आली. २०१३ आणि २०१५ सालच्या अवर्षणात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा पाणी आणि वीज यांचे नाते या टापूला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. परंतु विजेची आणखी एक बाजू आहे, आणि ती मात्र या टापूपासून फार दूर राहिली आहे. ती बाजू म्हणजे तिची किंमत. पिठाची गिरणी, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा पंप, रस्त्यावरचे दिवे, किराणा दुकान आणि दोन खोल्यांचे घर या सर्वांचा दर मुंबईत बसणारा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. तो ठरविण्यापूर्वी लोकांचे म्हणणे विचारात घेण्याचे बंधन कायद्याने आयोगावर घातले आहे. हे बंधन राणीसावरगावच्या ग्राहकापर्यंत कितपत पोहोचते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ज्या धंद्यात एकाच गावात दोन कंपन्यांनी दोन स्वतंत्र तारा ओढणे म्हणजे उधळपट्टी ठरते, त्या धंद्यात मक्तेदारी अपरिहार्य असते. बाजारात भाजी महाग वाटली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळते. विजेच्या ग्राहकाला वळण्यासाठी पुढची पाटीच नसते. म्हणून स्पर्धेचे काम कोणीतरी दुसऱ्याने करावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७७ साली धान्य कोठारांच्या दराविषयीच्या खटल्यात असे मानले की, ज्या मालमत्तेत सार्वजनिक हित गुंतलेले आहे तिच्या दरावर समाजाला नियंत्रण ठेवता येते. पुढे १९०७ मध्ये न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी वीज व वायू कंपन्यांचे दर तपासण्यासाठी आयोग नेमले. कंपनीने हिशेब मांडावा, ग्राहकाने तो उलटतपासावा आणि तिसऱ्याने निर्णय द्यावा, ही पद्धत तेथे रुजली. आपल्याकडे ती यावयास जवळजवळ एक शतक लागले.

सुनावणीपूर्वीचा काळ

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. १९४८ च्या कायद्यानुसार मंडळ आपले दर आपणच ठरवीत असे आणि सरकारची इच्छा त्यात वजन टाकीत असे. दर का वाढला, हे विचारण्याचे वैधानिक व्यासपीठ ग्राहकाला नव्हते. याची जबर किंमत राज्याने दाभोळ प्रकरणात मोजली. एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो प्रकल्प रद्द केला, मग वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये तेथील वीज मंडळाला मिळू लागली आणि २००१ मध्ये ती घेणे बंद करावे लागले. चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. परंतु प्रश्न विचारण्याची योग्य वेळ करारावर सही होण्यापूर्वीची होती, आणि त्या वेळी विचारणाऱ्याला दार नव्हते.

ते दार १९९८ च्या विद्युत नियामक आयोग कायद्याने उघडले. महाराष्ट्राचा आयोग १९९९ मध्ये अस्तित्वात आला आणि २००० साली मंडळाच्या दरवाढीवर राज्यात प्रथमच खुली छाननी झाली. तिने काय साधले, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. पारेषण व वितरणातील गळती अठरा टक्क्यांच्या आसपास आहे, असे मंडळ वर्षानुवर्षे सांगत आले होते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटांनी व ग्राहक संघटनांनी आकडे तपासले आणि हा दावा टिकला नाही, गळती तीस टक्क्यांच्या पलीकडे असल्याचे स्पष्ट झाले. मधली वीज कोठे दाखविली जात होती? ती शेतकऱ्याच्या नावावर. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने फुगविला की चोरी आणि नादुरुस्ती दोन्ही झाकली जातात. राणीसावरगावच्या शेतकऱ्याने जी वीज पाहिलीसुद्धा नाही, ती त्याच्या खात्यावर पडत होती आणि फुकट्या म्हणून दूषणही त्यालाच मिळत होते.

गळतीच्या टक्क्यांना ग्राहकाच्या बिलात किती अर्थ असतो, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, कंपनीला वीज सहा रुपये युनिटने पडते. गळती पंधरा टक्के असेल तर विकलेल्या प्रत्येक युनिटचा खर्च सात रुपये सहा पैसे होतो. तीच गळती तीस टक्के असेल तर तो आठ रुपये सत्तावन्न पैशांवर जातो. मधला दीड रुपया प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्या खिशातून जातो. वाजवी गळती किती धरावयाची, हे आयोगाने ठरवून दिले तरच तो भार कंपनीवर राहतो. ठरविले नाही तर तो मुकाट्याने ग्राहकाकडे सरकतो. सुनावणीत खरा झगडा असतो तो या सरकण्याविरुद्ध.

अधिकार आहे, वाट नाही

ग्राहकाचे म्हणणे ऐकणे ही आयोगाची कृपा नव्हे. कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने, दर ठरविण्याच्या प्रक्रियेत ग्राहकांना आपले म्हणणे मांडण्याचा कायदेशीर हक्क आहे, असा निर्वाळा दिला. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ६४ व्या कलमात, दराचा अर्ज जाहीर करावा आणि जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. ९४ व्या कलमानुसार ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. स्वयंपाकाच्या वायूशी तुलना केली तर या अधिकाराचे मोल कळते. घरगुती सिलिंडरचा दर वाढतो तेव्हा गृहिणीला कोणाकडेही हरकत नोंदविता येत नाही. सकाळचे वर्तमानपत्र हीच तिची सुनावणी.

परंतु अधिकार असणे आणि तो बजावता येणे यांत अंतर असते. मराठवाड्यापुरती सुनावणी व्हावयाची ती छत्रपती संभाजीनगरात. राणीसावरगावहून तेथवरचे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. पाच-दहा मिनिटे बोलण्यासाठी एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च सोसून जाणार कोण? त्यातून प्रस्तावाचा गोषवारा मराठीत मिळाला, तरी मूळ याचिका आणि तिच्यासोबतची शेकडो पाने इंग्रजीत असतात, आयोगाचा आदेशही इंग्रजीत असतो. मोठ्या कारखान्यांच्या संघटना वकील आणि सल्लागार नेमतात, कारण दरातील दहा पैशांचा फरक त्यांच्या ताळेबंदात लाखोंनी उमटतो. गिरणीवाल्याचे नुकसान लहान असते. पण तशा लाखो गिरणीवाल्यांचे नुकसान एकत्र केले तर ते लहान राहत नाही. विखुरलेल्या हिताला वाली नसतो, हे अर्थशास्त्रातील जुने सत्य येथे पुन्हा प्रत्ययास येते.

खेड्यातील ग्राहकाकडे सांगण्यासारखे काही नसते, असेही नाही. बिलावरील स्थिर आकार वीज असो वा नसो भरावा लागतो. मग रोहित्र जळाल्यावर ते बदलेपर्यंतचे दिवस कोणी भोगावयाचे? इंधन समायोजन आकार जाहीर सुनावणीविना बिलात येतो; त्याची तपासणी लोकांना कळेल अशा रीतीने का होऊ नये? ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचे व पथदिव्यांचे बिल थकले की अंधार आणि तहान गावाच्या वाट्याला येते. अशा सार्वजनिक सेवेचा दर कोणत्या तत्त्वावर ठरतो? २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल मार्च २०२९ पर्यंत सरकारने उचलले आहे आणि राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकरी तिच्या कक्षेत येतात. शेतकऱ्याला बिल नाही म्हणून त्याला दराशी कर्तव्य नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. अनुदानाची रक्कम आगाऊ द्यावी, असे कायद्याचे ६५ वे कलम सांगते. ती वेळेवर आली नाही तर कंपनी कर्ज काढते, कर्जाचे व्याज खर्चात मिळते, आणि अखेर ते पंपावर माफ झालेले पैसे घरच्या मीटरवर वसूल होण्याचा धोका राहतो.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. कोळसा व वाहतूक महागली, हजारो कोटींची थकबाकी साचली, तर दर गोठवून ठेवणे म्हणजे उद्याच्या भारनियमनाला आमंत्रण देणे होय. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. शंभर लोकांनी ‘दरवाढ नको’ म्हटले म्हणून खर्च नाहीसा होत नाही. परंतु हाच युक्तिवाद दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. कंपनीने खर्च मांडला म्हणून तो वाजवी ठरत नाही. जेथे खर्चावर ठरावीक परतावा मिळण्याची शाश्वती असते, तेथे काटकसरीची प्रेरणा क्षीण होते. ती बाहेरून निर्माण करणारा माणूस म्हणजे नेमका प्रश्न विचारणारा ग्राहक.

म्हणूनच २०२५ मध्ये जे घडले ते चिंता वाटावी असे होते. राज्यभरातील जाहीर सुनावण्यांनंतर आयोगाने २८ मार्च रोजी महावितरणच्या दरांचा आदेश दिला. कंपनीने फेरविचार मागितला, २ एप्रिलला त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि २५ जून रोजी सुधारित आदेश निघाला. फेरविचाराच्या वेळी पुन्हा जाहीर सुनावणी घेतली नाही, असा आक्षेप उद्योजकांनी व सौर वीज उत्पादकांनी घेतला आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. यातील कायदेशीर बारकावे काहीही असोत, सामान्य माणसाच्या मनात उतरणारा अर्थ एकच आहे: आपण बोलून घरी परतल्यावरही खरा निर्णय बाकी असतो.

हा समज दूर करावयाचा तर उपाय अवघड नाहीत. कोविडच्या काळात आयोगाने दूरदृश्य पद्धतीने सुनावण्या घेतल्या. तीच सोय तालुक्याच्या ठिकाणी कायमची करता येईल. प्रस्तावातील आपल्या वर्गाच्या दरांचा दोन पानी मराठी तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल आणि ग्रामसभेचा ठराव हरकत म्हणून स्वीकारता येईल. ९४ व्या कलमाखाली केवळ ग्रामीण घरगुती ग्राहक व ग्रामपंचायती यांच्यासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमून त्याचा खर्च आयोगाने सोसावा. दराचा कोणताही मोठा फेरबदल, मग तो फेरविचाराच्या नावाने का होईना, लोकांपुढे ठेवल्याशिवाय लागू होऊ नये. आणि आलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या हरकतीचे उत्तर मराठीत मिळावे.

१९९३ साली विचारण्याची सोय नव्हती, म्हणून दाभोळची किंमत नंतर मोजावी लागली. २००० साली विचारणारे भेटले, म्हणून शेतकऱ्याच्या नावावर लपलेली गळती उघड झाली. या दोन अनुभवांतील फरक ज्याला समजला, त्याला राणीसावरगावच्या गिरणीवाल्याचा प्रश्न मुंबईत ऐकू जाणे का आवश्यक आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही. दळणाचा भाव त्याला रोज आपल्या गिऱ्हाईकांना समजावून द्यावा लागतो. विजेचा भाव समजावून देण्याची सक्ती वीज कंपनीवरही तितकीच असली पाहिजे.