कवच

प्राणी व वनस्पती यांच्या शरीरावरील, तसेच अंडी, फळे, बीजे इ. भागांवरील कठीण वा चिवट अशा नैसर्गिक संरक्षक आवरणास सामान्यतः कवच म्हणतात. आघात, शत्रू, शुष्कता व रोगजंतू यांपासून ते आतील नाजूक भागांचे रक्षण करते. तथापि सर्व बाजूंनी बंद असलेले आवरण सजीवास घातकच ठरेल; श्वसन, हालचाल, वाढ व अंकुरण यांसाठी त्यात वाट असावीच लागते. कवचांच्या रचनेतील बहुतेक वैशिष्ट्ये या दुहेरी गरजेतून निर्माण झालेली आहेत.

प्राणी : कीटक, विंचू, खेकडे इ. संधिपाद प्राण्यांचे कवच कायटिन व प्रथिने यांचे बनलेले असते. खेकड्यात त्याला कॅल्शियम कार्बोनेटामुळे अधिक काठिण्य येते. सांध्यांच्या ठिकाणी ते पातळ व लवचिक असल्याने हालचाल शक्य होते. कठीण झालेले कवच वाढत नाही; म्हणून हे प्राणी वेळोवेळी कात टाकतात. जुन्या कवचाखाली मऊ नवे कवच तयार होते. ते ताणले जाऊन कठीण होईपर्यंत खेकडा असुरक्षित असतो व बहुधा लपून राहतो. गोगलगाय, कालव इ. मृदुकाय प्राण्यांत ही अडचण येत नाही. त्यांचे कवच प्रावार या त्वचेच्या घडीतून स्रवते व कडेने वाढत जाते.

कासवाच्या पाठीचे कवच बरगड्या व पाठीचा कणा यांच्याशी एकजीव झालेले असते. त्यामुळे ते सोडून कासवाला बाहेर पडता येत नाही. बरगड्या हलत नसल्याने त्याचे श्वसन पोटातील स्नायूंच्या साहाय्याने चालते.

पक्ष्यांच्या अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचे असून त्यातील हजारो सूक्ष्म छिद्रांतून वायूंची देवघेव होते. पिलाच्या हाडांसाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम या कवचातूनच मिळते. त्यामुळे ते आतून झिजते व पिलाला फोडणे सुलभ होते. मात्र ते अकाली पातळ झाल्यास उबवणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच फुटते. ब्रिटनमधील बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचे 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये दाखवून दिले. डीडीटी या कीटकनाशकापासून पक्ष्यांच्या शरीरात तयार होणारे द्रव्य यास कारणीभूत असल्याचे पुढे सिद्ध झाले.

वनस्पती : कोवळ्या खोडांवर व पानांवर मेणयुक्त उपत्वचा असते. ती पाण्याचे बाष्पीभवन रोखते, तर त्वग्रंध्रांतून वायूंची ये-जा होते. जून खोडांवर साल असते. तिच्यातील त्वक्षेच्या (बुचाच्या) कोशिका मृत असून सुबेरिनामुळे जलरोधी बनलेल्या असतात. हवेसाठी सालीत वल्करंध्रे असतात. नारळाचे सोडण आघात सोसते व फळाला तरंगत ठेवते. आतील करवंटीला तीन डोळे असतात. त्यांपैकी एक मऊ असून त्यातूनच कोंब बाहेर येतो. कमळाच्या बीजाचे आवरण पाण्यासही दाद देत नाही. चीनमधील एका कोरड्या सरोवराच्या तळाशी सापडलेले सु. 1,300 वर्षांपूर्वीचे कमळाचे बीज आवरण कापून भिजविल्यावर अंकुरले. याउलट आवरण आपोआप झिजल्याखेरीज अशी बीजे रुजत नाहीत.

मानव व कवच : शिंपल्यांपासून चुना, काथ्यापासून दोर व ओक वृक्षाच्या सालीपासून बुचे करतात. काही कवचे मात्र त्यांच्या धारकांच्या नाशास कारण झाली आहेत. खवले मांजराचे खवले नखांप्रमाणेच केराटिनाचे असतात. संकटकाळी ते अंगाचे वेटोळे करून बसते. मोठ्या मांसाहारी प्राण्यांपुढे हा उपाय बहुधा पुरेसा पडतो, परंतु माणसाला असे निश्चल वेटोळे हाताने उचलता येते. औषधी गुणांच्या समजुतीपायी खवल्यांसाठी त्याची बेकायदा शिकार होते. सर्व जातींच्या खवले मांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार रोखण्याचा निर्णय 2016 मध्ये घेण्यात आला. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड समुद्रात अधिकाधिक विरघळू लागल्याने पाण्यातील कार्बोनेटाचे प्रमाण घटते व मृदुकाय प्राण्यांना कवच बनविणे कठीण होते. कवचामुळे शत्रूचा हल्ला परतविता येतो; परिसरात होणाऱ्या अशा बदलांपासून मात्र त्याने संरक्षण मिळत नाही.