राहतो जर्सीत, कमावतो न्यूयॉर्कमध्ये: टॅक्स कुणाला भरायचा?

आजचा भाग टॅक्सचा आहे. स्किप करू नका, कारण यात माझे पाच हजार डॉलर जाता जाता वाचलेत.

मी राहतो जर्सी सिटीत, ऑफिस मॅनहॅटनमध्ये. पाथ ट्रेन नदीखालून गेली की राज्य बदलतं. पहिल्या वर्षी एप्रिलमधल्या एका रात्री टॅक्सचं सॉफ्टवेअर उघडून बसलो. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो, एक फॉर्म भरता येणार नाही? फेडरल झालं. मग न्यूजर्सीचं भरलं आणि स्क्रीनवर आकडा आला: ५,००० डॉलरच्या वर बाकी! पोटात गोळाच आला. वर्षभर पगारातून टॅक्स कापला जात होता, मग हे कुठून आलं? पैसे भरणारच होतो, पण आधी एडिसनच्या एका दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, आधी न्यूयॉर्क कर, मग जर्सी." तसं केलं आणि जर्सीची बाकी जवळजवळ शून्यावर आली.

असं का होतं?

आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचा. पुण्यात राहा नाहीतर बंगळुरूत, रिटर्न एकच. राज्य घेतं तो व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. अमेरिकेत मात्र फेडरल टॅक्स वेगळा आणि बहुतेक राज्यांचा स्वतःचा वेगळा. टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशी ९ राज्यं पगारावर टॅक्स घेत नाहीत.

दोन राज्यं आली की नियम असा: जिथे काम करता, ते राज्य तिथल्या कमाईवर टॅक्स घेतं. जिथे राहता, ते तुमच्या सगळ्या कमाईवर. म्हणजे एकाच पगारावर दोघांचा हक्क. मग राहतं राज्य क्रेडिट देतं: तिकडे भरलंत ना, तेवढं इथे वजा.

समजा, त्या पगारावर न्यूयॉर्कचा टॅक्स ६,००० झाला आणि जर्सीचा ५,०००. क्रेडिट ५,००० पर्यंतच मिळतं, म्हणून जर्सीला शून्य. वरचे १,००० जर्सी परत करत नाही. उलट कामाच्या राज्याचा टॅक्स ३,००० असता, तर जर्सीला २,००० भरावे लागले असते. थोडक्यात, दोन्हींत जो जास्त, साधारण तेवढा एकूण भार.

क्रम लक्षात ठेवा

आधी कामाच्या राज्याचं नॉन-रेसिडेंट रिटर्न. न्यूयॉर्कसाठी आयटी-२०३. मग घरच्या राज्याचं, जर्सीसाठी एनजे-१०४०. क्रेडिटसाठी धरायचा तो न्यूयॉर्कच्या रिटर्नमध्ये निघालेला टॅक्स, डब्ल्यू-२ च्या १७ नंबरच्या बॉक्समध्ये कापलेली रक्कम नव्हे. आणि इथल्या 'रेसिडेंट'चा अर्थ ग्रीन कार्ड असा घेऊ नका. एच-१बी वर असलात तरी राज्यासाठी तुम्ही रेसिडेंट असू शकता.

जिथे पोरं फसतात

वर्क फ्रॉम होम. "मी आठवड्याचे दोन दिवस जर्सीतून काम करतो, मग ती कमाई जर्सीची." नाही! ऑफिस न्यूयॉर्कचं असेल आणि घरून काम तुमच्या सोयीसाठी असेल, तर न्यूयॉर्क ते दिवसही आपलेच मोजतं.

पेनसिल्व्हेनियाचं उलटं आहे. तिचा आणि जर्सीचा करार आहे, त्यामुळे पगारावर टॅक्स फक्त राहत्या राज्याचा. तिकडे नोकरी लागली तर आरईव्ही-४१९ फॉर्म भरून एचआरला द्या, म्हणजे तिकडचा राज्य टॅक्स कापला जाणार नाही. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स मात्र या करारात येत नाही, तो कापला जाणारच.

वर्षाच्या मध्येच राज्य बदललंत? मग जिथे टॅक्स आहे त्या प्रत्येक राज्याचं पार्ट-इयर रिटर्न. घर बदलल्याची तारीख, लीज, पे-स्लिप जपून ठेवा. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर सीपीएची फी द्या, लाजू नका.

मुदत साधारण १५ एप्रिल. माझ्यासारखं शेवटच्या आठवड्यात रात्री बसू नका. प्रत्येकाला फोन उचलणारा दादा मिळेलच असं नाही.

यंदा कुणी मित्र नव्याने जर्सीत आला असेल, तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!