परमुलखातला आपला माणूस

दर वर्षी १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक देवाणघेवाण होते. भारत आपल्या अणुकेंद्रांची यादी पाकिस्तानला देतो आणि पाकिस्तान आपली यादी भारताला. १९८८ च्या करारानुसार एकमेकांच्या या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, म्हणून ती कुठे आहेत हे एकमेकांना सांगायचं. १९९२ पासून हा शिरस्ता चालू आहे. मधे कारगिल झालं, २६/११ झालं, पुलवामा झालं, तरी याद्या गेल्या आणि आल्या. त्याच दिवशी, आणि पुन्हा १ जुलैला, आणखी एक यादी हातोहात जाते. तुमची इतकी माणसं आमच्या तुरुंगात आहेत, अशी.

ज्यांच्यात क्रिकेटचे सामनेसुद्धा धड होत नाहीत, त्या दोन देशांमध्ये हे कागद नेतं-आणतं कोण? नेतात ती एकमेकांच्या राजधानीत बसलेली मूठभर माणसं. त्यांच्या कचेरीला आपण दूतावास म्हणतो. राष्ट्रकुलातल्या देशांनी एकमेकांकडे ठेवलेल्या दूतावासाला उच्चायुक्तालय म्हणतात. परक्याच्या भूमीवर, कधी कधी शत्रूच्याच राजधानीत, आपला एक माणूस सुखरूप बसू शकतो, ही माणसाने लावलेल्या सर्वांत अचाट शोधांपैकी एक आहे, असं मला मनापासून वाटतं.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यांपुढे येतो, पण पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारी कायम मुक्काम ठोकून राहिलेला आपला प्रतिनिधी. बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेलेले नाशिकचे महादेवभट हिंगणे तिथेच वकील म्हणून राहिले आणि पुढे त्यांच्या मुलांनीही तेच काम केलं. हैदराबादेत निजामाकडे गोविंदराव काळे होते. कोण कोणाला भेटलं, खजिन्यात किती शिल्लक आहे, कोणता सरदार रुसला आहे, हे सगळं त्यांच्या पत्रांतून पुण्याला कळायचं. आजचा राजदूत मायदेशी जो गोपनीय अहवाल पाठवतो, त्याचं हे जुनं रूप.

पुण्यातही परक्यांचा असा माणूस होता. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वसाहत उभी राहिली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन तिथून निघाला, मागोमाग संगमावरचे बंगले पेटले आणि त्याच दिवशी खडकीची लढाई झाली. वकिलाचं घर शाबूत आहे तोवर बोलणं चालू आहे. ते जळलं की उरते फक्त लढाई. दूत अवध्य असतो, हे लंकेत बिभीषणाने रावणाला सांगितलं ते याचसाठी.

प्राण वाचले तरी मानापमान उरतोच. १६६१ मध्ये लंडनला नवा स्वीडिश राजदूत येणार होता. त्याच्या मिरवणुकीत राजाच्या बग्गीमागे पहिली बग्गी कोणाची, यावरून फ्रान्स आणि स्पेनच्या राजदूतांची माणसं भररस्त्यात भिडली. फ्रेंचांना कापता येऊ नये म्हणून स्पॅनिश लोकांनी घोड्यांच्या साजात लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. माणसं मेली, घोडे मेले आणि दोन राज्यांत युद्ध पेटायची वेळ आली. यावरचा उपाय १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत निघाला आणि तो थक्क करण्याइतका सोपा आहे. राजा किती मोठा हे पाहायचंच नाही. राजदूतांमध्ये जो आधी रुजू झाला तो ज्येष्ठ. आजही नियम तोच आहे. चिमुकल्या बेटाचा राजदूत तीन वर्षं आधी आलेला असेल, तर महासत्तेचा राजदूत रांगेत त्याच्या मागे उभा राहतो.

पुढे १९६१ मध्ये व्हिएन्नातच राजनैतिक संबंधांचा करार झाला. त्यात अवघी ५३ कलमं आहेत आणि जगातला जवळजवळ प्रत्येक देश त्यांना बांधलेला आहे. दूतावासाची जागा म्हणजे त्या देशाचीच भूमी, असं आपण सर्रास म्हणतो. ते खरं नाही. जमीन यजमान देशाचीच राहते. फक्त दूतावासाच्या प्रमुखाने संमती दिल्याशिवाय यजमानाच्या पोलिसाने उंबरा ओलांडायचा नाही, आणि या नियमाला करारात आगीचासुद्धा अपवाद लिहिलेला नाही. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज २०१२ च्या जूनमध्ये लंडनच्या एक्वादोरच्या दूतावासात शिरले. पोलीस बाहेर उभे होते. जवळजवळ सात वर्षं मधे फक्त एक दार होतं. एप्रिल २०१९ मध्ये एक्वादोरनेच पोलिसांना आत बोलावलं, तेव्हा कुठे अटक झाली.

तीच गोष्ट राजनैतिक टपालाच्या थैलीची. ती उघडायची नाही आणि अडवायची नाही. थैली म्हटलं तरी ते लाकडी खोकंही असू शकतं, कारण आकाराला मर्यादाच नाही. बाहेरून खूण मात्र स्पष्ट हवी. १९८४ मध्ये लंडनमधून नायजेरियाच्या एका माजी मंत्र्याला पळवून, बेशुद्ध करून, खोक्यात घालून विमानतळावर आणलं होतं. खोक्यावर नियमाप्रमाणे खुणा नव्हत्या, म्हणून कस्टमवाल्यांना ते उघडता आलं आणि माणूस वाचला.

असा गैरवापर होऊनही देश हे नियम मोडीत का काढत नाहीत? कारण माझा माणूस तुझ्या घरी आहे आणि तुझा माझ्या. दिल्लीतल्या दारावर जे होईल, तेच उद्या इस्लामाबादेतल्या दारावर होईल. फारच बिनसलं तर एखाद्या अधिकाऱ्याला ‘अवांछित’ ठरवून परत पाठवता येतं, कारण द्यावं लागत नाही. पण तो जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. युद्ध पेटलं तरी दूतावासाची वास्तू आणि दप्तर जपायचं, हेही करारातच लिहिलं आहे.

एवढी तटबंदी ज्या कामासाठी, ते काम रोज कसं दिसतं? वाटाघाटी आणि व्यापार आहेच. पण दूतावासाच्या खिडकीपाशी उभे राहा. कोणाचा पासपोर्ट हरवला आहे. त्याला फक्त मायदेशी परतण्यापुरता एक कागद मिळतो. कोणाला परमुलखात मूल झालं आहे. त्याचा जन्म वर्षाच्या आत इथे नोंदवला की ते भारताचं नागरिक होतं. १९६९ च्या कायद्यानुसार इथे लग्नही लागतं. आणि कोणी परमुलखात वारला, तर त्याची मृत्यूनोंद, पासपोर्ट रद्द करणं, ना-हरकत दाखला हे सगळं झाल्यावरच त्याचा देह गावाकडे निघतो. घरच्यांना झेपणारं नसेल, तर २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च होऊ शकतो.

कधी एकेक माणूस नसतो, अख्खं शहरच्या शहर असतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेव्हा तिथे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय होते. त्यांना जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत आणून तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरवलं गेलं. दोन महिन्यांत ४८८ उड्डाणं झाली.

आणि कधी सगळा देश एका माणसामागे उभा राहतो. वाणिज्यदूतांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं ३६ वं कलम सांगतं की परदेशी माणसाला अटक केलीत, तर त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटता आलं पाहिजे. हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलेल्या कुलभूषण जाधवांना ती भेट पाकिस्तानने वारंवार नाकारली आणि २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपुरात वाढलेल्या हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल लागला की ३६ व्या कलमाचा भंग झाला आहे. त्या सप्टेंबरमध्ये भारतीय अधिकारी जाधवांना भेटला. पेशवाईच्या अर्थाचा वकील आत जावा, म्हणून आजच्या अर्थाचा वकील लढला.

आता पुन्हा त्या याद्यांकडे. २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणली गेली. तरीही १ जुलैला याद्या निघाल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार होते. अशा याद्यांत गुजरातचे असतात, तसे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे आपल्या पालघरचेही असतात. समुद्रावर रेघ नसते. जाळ्यामागे बोट वाहवत जाते आणि माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतो.

त्या यादीवरचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत: ‘भारतीय, किंवा भारतीय असल्याचे मानले जाणारे’. म्हणजे तो खलाशी अजून कोणाचाच नाही. २००८ च्या करारानुसार तीन महिन्यांत आपल्या अधिकाऱ्याला त्याची भेट मिळायला हवी. तो अधिकारी नाव विचारतो, वडिलांचं नाव विचारतो, गाव विचारतो. ती माहिती भारतात येते, पोलीस पाड्यावर जाऊन घर शोधतात आणि मग दिल्लीहून उत्तर जातं की हो, हा आमचा आहे. शिक्षा संपली असेल, तर त्यानंतर महिन्याभरात त्याला सोडायचं, असा करार आहे. प्रत्यक्षात वर्षंही जातात. पण सुटकेचा रस्ता सुरू होतो तो तिथूनच.

उंबरा न ओलांडण्याचा नियम, न उघडायची थैली, बग्ग्यांच्या भांडणातून निघालेली ज्येष्ठता, ५३ कलमं, हे सगळं कशासाठी उभं आहे, हे मला त्या तुरुंगाच्या खोलीत दिसतं. आपला एक माणूस परक्याच्या मुलखात टिकून राहावा आणि वेळ आली की त्याने टेबलापलीकडच्या माणसाला विचारावं, तुझं गाव कुठलं?