विश्लेषण : ॲप म्हणते हवा ‘समाधानकारक’, मग माहुलमध्ये श्वास का कोंडतो?

मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये माहुलमधील ९,०९८ सदनिका आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढल्या. किंमत होती प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईत या पैशात घर मिळणे अशक्यच. तरीही प्रतिसाद थंड राहिला आणि अर्जांसाठी मुदतवाढ द्यावी लागली. स्वस्त घराकडेही लोक पाठ का फिरवतात, याचे उत्तर माहुलच्या हवेत आहे. ही हवा मोजायची कशी आणि सुधारायची कोणी, हा वाद दहा वर्षांहून अधिक काळ सुरू आहे.

माहुल नेमके कुठे, आजूबाजूला काय?

चेंबूरच्या दक्षिणेला खाडीलगत माहुल हे जुने कोळी गाव आहे. १९५४ आणि १९५५ मध्ये शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. आज ते अनुक्रमे एचपीसीएल आणि बीपीसीएलकडे आहेत. पुढे खत कारखाना, औष्णिक वीज केंद्र आणि रसायने व इंधन साठवणाऱ्या टाक्यांची भर पडली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात ७० च्या वर गुण म्हणजे ‘अतिगंभीर’. चेंबूरला ६९.१९ गुण मिळाले. म्हणजे यादीतली ती रेषा एका गुणाहून कमी अंतराने हुकली.

हवेत नेमके काय आहे?

इथला मुख्य प्रश्न धुळीचा किंवा धुराचा नाही. तो आहे बाष्पशील सेंद्रिय संयुगांचा, म्हणजेच ‘व्हीओसी’चा. बेन्झिन, टोल्युइन, झायलिन ही त्यातली काही नावे. पेट्रोल पंपावर येणारा उग्र वास याच गटातल्या वायूंचा असतो.

इंधनाची टाकी अर्धी भरलेली असली तरी वरचा भाग रिकामा नसतो, तिथे वाफ असते. टाकीत नवीन माल भरला की ही वाफ बाहेर ढकलली जाते. ऊन वाढले की द्रव तापतो आणि वाफ पुन्हा बाहेर पडते. टँकर भरताना, जहाजातून माल उतरवताना, पाइपच्या सांध्यांतून आणि व्हॉल्व्हमधूनही गळती होते. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. चिमणी नसल्याने नेमके बोट कुठे दाखवायचे, हेही कळत नाही.

एक्यूआयमध्ये हे का दिसत नाही?

मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवर आधारलेला आहे : पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. एका धूलिकणासह किमान तीन घटकांची आकडेवारी असली की निर्देशांक काढता येतो. या यादीत बेन्झिन नाही, टोल्युइनही नाही.

देशाच्या २००९ च्या हवा मानकांत १२ घटक आहेत. त्यात बेन्झिनची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. बेन्झिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. टोल्युइनला मात्र या १२ घटकांतही जागा नाही. डोकेदुखी, गरगरणे, डोळ्यांची जळजळ हे त्याचे परिणाम. थोडक्यात, पावसाळ्यात धूळ बसली की ॲपवरचा रंग हिरवा होतो, पण टाकीतून निघणाऱ्या वाफेचा त्या रंगाशी संबंध नसतो.

रहिवाशांच्या तक्रारींना आधार काय?

केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये माहुल आणि आंबापाडा येथे पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. ८६.६ टक्के लोकांना डोळ्यांची जळजळ, तर ८४.५ टक्के लोकांना छातीत कोंडल्यासारखे होत होते.

स्थानिक रहिवासी २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने निकाल दिला की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे स्पष्ट दिसते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कृती आराखडा करावा, असेही बजावले.

धोका माहीत असताना नवी माणसे तिथे का आणली?

या प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग हाच आहे. तानसा जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी उच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंचा १० मीटर पट्टा मोकळा करण्यास सांगितले होते. तिथल्या झोपड्या हटवल्यावर पर्यायी घरे द्यायची होती. माहुलमध्ये ७२ इमारतींत सुमारे १७ हजार घरे तयार होती. त्यामुळे २०१७ पासून हजारो प्रकल्पबाधित कुटुंबांना तिकडे पाठवण्यात आले. लवादाच्या निकालाला तेव्हा जेमतेम दीड-दोन वर्षे झाली होती.

म्हणजे शासनाची एक यंत्रणा हवा धोकादायक असल्याच्या नोंदीवर आराखडा करत होती आणि दुसरी त्याच हवेत घराच्या चाव्या देत होती. ऑक्टोबर २०१८ पासून अनेक कुटुंबांनी विद्याविहारच्या फुटपाथवर मुक्काम ठोकला. त्यांच्यासाठी रस्ता माहुलपेक्षा बरा होता.

न्यायालयाने काय सांगितले?

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांना पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत रक्कम द्यावी, असा आदेश झाला. छप्पर दिले म्हणजे पुनर्वसन झाले असे नाही, तिथे श्वासही घेता आला पाहिजे, हा या निकालाचा अर्थ.

२८६ कोटींचा आदेश कशासाठी?

ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने व्हीओसीमुळे झालेल्या पर्यावरणीय नुकसानीपोटी चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्यास सांगितले. एजिस लॉजिस्टिक्स १४२ कोटी, एचपीसीएल ७६.५ कोटी, बीपीसीएल ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्स २० लाख, अशी विभागणी होती. ही रक्कम परिसर सुधारण्यासाठी वापरावी आणि तज्ज्ञ समितीने पाच वर्षांचा आराखडा करावा, असे आदेशात होते. लवादाच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्यामुळे अशा प्रकरणांत आदेश आणि प्रत्यक्ष सुधारणा यांत मोठे अंतर पडते.

उपाय आहेत का?

आहेत, आणि ते नवे नाहीत. टाकीचे छत द्रवाच्या पातळीसोबत वर-खाली होणारे असले तर वाफेला जागाच उरत नाही. टँकर भरताना सुटणारी वाफ पकडून पुन्हा द्रवात बदलणारी यंत्रणा बसवता येते. व्हॉल्व्ह आणि सांधे ठरावीक काळाने तपासून गळती बंद करता येते.

दुसरा उपाय मोजणीचा. अमेरिकेत २०१५ च्या नियमानुसार तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणावर बेन्झिन मोजावे लागते. वार्षिक पातळी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर कारण शोधून दुरुस्ती करणे बंधनकारक असते. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये आणखी दोन कायदे केले. एकाने कुंपणावरची आकडेवारी लोकांसाठी खुली करायला लावली. दुसऱ्याने प्रदूषणाचा सर्वाधिक भार सोसणाऱ्या वस्त्या निवडून तिथे रहिवाशांसह मोजणी आणि कपातीचा आराखडा करण्याची पद्धत आणली. शहराची सरासरी न बघता वस्तीची हवा बघायची, हा त्यामागचा विचार.

पुढे काय?

माहुलच्या सदनिका कोणाला विकाव्यात, हा प्रश्न नंतरचा. आधी कारखान्यांच्या कुंपणावर आणि इमारतींच्या दारात बेन्झिन व टोल्युइन किती आहे, हे रोजच्या रोज लोकांना दिसायला हवे. हवा सुधारली असेल तर आकडे दाखवल्याने घरे आपोआप विकली जातील. सुधारली नसेल, तर ती घरे कर्मचाऱ्यांना तरी का द्यायची, याचे उत्तर महापालिकेला द्यावे लागेल.