कथील : नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

खानदेशातील एखाद्या जुन्या घरात जाऊन “आपल्या घरी टीन कोठे आहे?” असे कोणी विचारले, तर घरातील बाई निःशंकपणे माळ्याकडे बोट दाखवील. तेथे तेलाचे रिकामे चौकोनी डबे ओळीने मांडलेले असतात. एकात उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, दुसऱ्यात ज्वारीचे बिबडे, तिसऱ्यात वर्षाची तूरडाळ. घरधन्यास विचारले तर तो पडवीवरील छपराकडे पाहील. कारण त्यालाही तो ‘टीनाचे पत्रे’च म्हणतो. फळीवर पालथ्या घातलेल्या पितळी पातेल्याकडे मात्र कोणी बोट दाखविणार नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. डब्यात हा धातू नावापुरता आहे, छपराच्या पत्र्यात तो मुळीच नाही, आणि पातेल्याच्या आतल्या अंगाला जी रुपेरी झाक दिसते, ती मात्र खऱ्या टीनाची असते. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु तो धातू कोठे आहे व कशासाठी आहे, याचा विसर पडल्यामुळे घरोघरीच्या प्रकृतीला अपाय झालेला आहे. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

इंग्रजीत ज्यास टिन म्हणतात त्यास मराठीत कथील असे नाव आहे. संस्कृतात त्याला त्रपु आणि वंग अशी नावे आहेत. यजुर्वेदातील चमकात सोने, लोखंड व शिसे यांच्या पंक्तीस त्रपु येते, आणि वैद्यांचे वंगभस्म होते तेही याच धातूचे. कथील मऊ आहे. त्याची कांडी कानाजवळ धरून वाकविली असता आतून कुरकुर असा आवाज येतो. लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेंटिग्रेड आणि तांबे वितळण्यास १०८५ अंश उष्णता लागते. कथील अवघ्या २३२ अंशांवर पाण्यासारखे वाहू लागते. तांब्यात त्याचा सुमारे दहावा भाग मिसळला म्हणजे ब्राँझ होते. प्रमाण पाचव्या भागाच्या आसपास गेले म्हणजे कासे तयार होते. तळपाय घासावयाची वाटी याच काशाची. हवेने किंवा पाण्याने कथील सहसा गंजत नाही, आणि त्याचा जो अल्प अंश अन्नात उतरतो, तो शरीरात फारसा शोषला जात नाही. लवकर वितळणे, न गंजणे आणि पोटास न बाधणे, या तीन गुणांवरच त्याचा सारा संसार उभा आहे.

हिंदुस्थानात हा धातू फार थोडा सापडतो. छत्तीसगडातील बस्तरच्या भागात त्याचे खनिज मिळते. पूर्वीपासून तो समुद्रमार्गे, विशेषतः मलायाकडून, येत असे. ‘कल्हई’ हा आपला घरगुती शब्दही त्याच वाटेने आला असावा. अरबी भाषेत कथलाला ‘कलई’ म्हणतात आणि त्या शब्दाचा संबंध मलाया द्वीपकल्पातील कलह, म्हणजे आजचे केडा, या जुन्या बंदराशी जोडतात.

आता डब्याकडे वळू. १८१० साली इंग्लंडात पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्यात अन्न टिकविण्याचा हक्क नोंदविला आणि तेव्हापासून हा पत्रा जगभर पसरला. डब्याचा पत्रा असतो पोलादाचा. त्याच्या दोन्ही अंगांना कथलाचा पातळसा मुलामा दिलेला असतो. आजच्या पत्र्यावर हा मुलामा मिलिमीटरच्या एक हजारांश भागाहूनही पातळ असतो. संपूर्ण डब्याच्या वजनात कथील शेकडा एक भागही भरत नाही. तरीही नाव मिळाले ते त्या पापुद्र्याला, पोलादाला नव्हे!

आपल्याकडे हा डबा प्रथम घासलेटाबरोबर घरोघर शिरला. सुमारे अठरा लिटर मावणारा तो चौकोनी डबा रिकामा झाला की त्याला दांडी लावून पाणी भरण्यास घेत, अर्धा कापून त्याची शेगडी करीत, किंवा त्यात माती घालून तुळस लावीत. या डब्यांची निकड एवढी होती की, तेलाचा व्यापार करणाऱ्या बर्मा ऑइल कंपनीने टाटांच्या सहकार्याने १९२० साली टिनप्लेट कंपनी स्थापन केली आणि १९२२ पासून जमशेदपूरनजीक गोलमुरी येथे असा पत्रा देशातच तयार होऊ लागला.

खानदेशात तर या डब्याला एक खास स्थान आहे. भुईमूग हे येथील जुने तेलबियांचे पीक. सुरत-भुसावळ रेल्वेवरील अमळनेर येथे २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाची कंपनी नोंदली गेली. तेलात हायड्रोजन मिळवून घट्ट केलेले वनस्पती तूप ती तयार करी, आणि त्याच्या जोडीला कपडे धुण्याचा ‘७८७’ साबण काढी. संगणकाच्या व्यवसायात पुढे विप्रो या आद्याक्षरांनी जगास माहीत झालेली कंपनी ती हीच. अशा तुपातेलाला हवा, ओल आणि उजेड तिन्ही वर्ज्य; आणि या तिन्हींना अडविणारे, शिवाय रेल्वेतील धक्के सोसणारे स्वस्त भांडे म्हणजे हा डबा. जळगाव-धुळ्याकडे आजही पंधरा किलोचा डबा हेच पुष्कळ घरांत तेलखरेदीचे माप आहे.

छपराच्या पत्र्याची गोष्ट निराळी. तोही लोखंडाचाच, परंतु त्यावरील मुलामा कथलाचा नसून जस्ताचा असतो. त्यामागे कारण आहे. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजते. म्हणून पत्र्यावर ओरखडा उठला तरी भोवतालचे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. कथलाचे तसे नाही. त्याचा मुलामा अखंड आहे तोवर राखण चोख; एकदा तो फुटला आणि हवापाणी लागले की उघडे पडलेले लोखंड उलट अधिकच वेगाने गंजते. म्हणून छपराला जस्त आणि अन्नाला कथील अशी वाटणी झाली. आंबट अन्नात जस्त विरघळते व त्याने ओकाऱ्या होतात. यास्तव जस्ती बादलीत ताक किंवा सरबत कधीही करू नये. याच न्यायाने गंज धरलेला डबा खाण्याच्या जिनसांस निरुपयोगी समजावा, आणि फळांचा डबा फोडल्यावर उरलेली फळे काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावीत. खाद्यतेलाच्या व्यापाऱ्याला तर एकदा वापरलेला डबा पुन्हा तेल भरण्यास घेण्याची नियमानेच मनाई आहे.

आता उरले ते पातेले. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की तो कळकतो, हे पूर्वी घरातील लहान मुलीलाही ठाऊक असे. चिंचेची आमटी किंवा ताक तांब्याला खाते. त्या क्षाराने हिरवट छटा येते, तोंडाला विचित्र चव येते आणि ओकाऱ्या सुरू होतात. यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भांडे घासून भट्टीवर तापवितो आणि त्यावर नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो, तो उगाच नव्हे. तापलेल्या नवसागरातून निघणारे आम्ल तांब्यावरील मळ जाळून टाकते आणि मगच कथील धातूला धरते. नंतर कथलाची कांडी टेकवावयाची, ती वितळताच कापसाच्या बोळ्याने भांडेभर फिरवावयाची, आणि भांडे थंड पाण्यात बुडवावयाचे. काम काही मिनिटांचे, पण अन्न आणि तांबे यांच्यामध्ये भिंत उभी राहते ती यानेच.

ही भिंत नसली तर काय होते, हे अन्न कळकण्यापुरतेच नाही. दूध कळकत नाही, त्याची चवही बदलत नाही. म्हणून कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापविलेले दूध कित्येक घरांत तान्ह्या मुलांना दिले जाई. यकृत कठीण होऊन दगावणाऱ्या लहान मुलांच्या एका रोगाने आपल्या देशात फार बळी घेतले. पुण्यातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडातील डॉ. टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा शोध घेतला, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात या रोगाचा संबंध तांबे उतरलेल्या दुधाशी असावा असे मांडले. पुढे घरोघर स्टीलची व ॲल्युमिनियमची भांडी आली आणि हा रोगही जवळजवळ नाहीसा झाला. कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य समजावे, असे २०११ सालच्या अन्नसुरक्षा नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

स्टीलच्या भांड्यांमुळे कल्हईवाल्याची हाक गल्लीतून नाहीशी झाली. अलीकडे मात्र आरोग्याच्या नावाखाली तांब्यापितळेची भांडी पुन्हा घरात येऊ लागली आहेत. आजीचे पातेले माळ्यावरून खाली आले. आजीचे ज्ञान मात्र वरच राहिले. यात खरा धोका आहे.

तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. भांड्याच्या आत तांबूस किंवा पिवळा रंग दिसू लागला की कल्हई संपली असे समजावे. कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये व राखेवाळूने घासू नये. कथलात स्वस्त शिसे मिसळण्याची लबाडी होते आणि शिसे हे हळूहळू भिनणारे विष आहे. म्हणून कांडी पाहून घ्यावी. शिसे कागदावर ओढल्यास शिसपेन्सिलीसारखी काळी रेघ उमटते, शुद्ध कथलाची जवळजवळ उमटत नाही. कथील वाकताना कुरकुरते, शिसे मुकाट्याने वाकते.

माळ्यावरच्या डब्याला टीन म्हणण्यास कोणाची हरकत नाही. व्यवहारात रूढ झालेली नावे बदलत नसतात. परंतु खरे कथील पातेल्याच्या आत आहे आणि ते झिजत असते, एवढी आठवण ज्या घरात राहील, त्या घरातील ताक कळकणार नाही आणि तान्ह्या मुलाचे दूधही निर्धास्तपणे तापविता येईल.