हातचे न राखता : समव्यवसायी समुदायातील ज्ञानाचा मोकळेपणा

मराठीत ‘हातचे राखून सांगणे’ असा एक वाक्प्रचार आहे. विद्या दिल्यासारखी तर दिसावी, पण तिची किल्ली देणाऱ्याच्याच कनवटीला राहावी, असा त्याचा आशय. ज्ञान हे जेथे कमाईचे किंवा प्रतिष्ठेचे साधन असते, तेथे ही वृत्ती निर्माण होणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. केवळ स्वभावदोष म्हणून तिची बोळवण करून चालणार नाही. तथापि गेल्या तीन दशकांत संगणकांच्या जाळ्यामुळे एक नवीच परिस्थिती उत्पन्न झाली आहे. एकाला सुचलेली गोष्ट त्याच कामात गुंतलेल्या शेकडो लोकांपर्यंत क्षणार्धात आणि जवळजवळ विनामूल्य पोचविता येते. सांगण्याचा खर्च नाहीसा झाला, तेव्हा हातचे राखण्याची प्रवृत्तीही ओसरेल, असे कोणास वाटल्यास नवल नाही. प्रत्यक्षात माहितीचे साठे अमाप वाढले, परंतु काम करण्याची हातोटी त्या प्रमाणात पसरली असे म्हणता येत नाही. असे का व्हावे, आणि जेथे ती खरोखर पसरली तेथे कोणत्या गोष्टी अनुकूल ठरल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

१. परिघावरून आत

या विषयाच्या विवेचनात ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ ही संज्ञा वारंवार येते. जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञ विदुषी व एत्येन वेंगर यांनी १९९१ साली ‘सिच्युएटेड लर्निंग’ या छोटेखानी ग्रंथात ती रूढ केली. तिच्यासाठी येथे ‘समव्यवसायी समुदाय’ असा शब्द योजला आहे. मात्र व्यवसाय हा शब्द पोटापाण्याच्या उद्योगापुरता न घेता, मन लावून सातत्याने केलेले कोणतेही काम, अशा व्यापक अर्थाने घ्यावा. उभयतांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, शिकणे ही एकट्याच्या डोक्यात घडणारी घटना नसून, नवागताने समुदायाच्या परिघावरून हळूहळू आत सरकत जाणे, हेच शिकण्याचे खरे स्वरूप होय. परिघावर असतानाही त्याचे तेथील स्थान मान्य झालेले असावे लागते. म्हणजे त्याचे काम लहान असले, तरी ते खरे काम असले पाहिजे.

या ग्रंथात दोन उदाहरणे परस्परांशेजारी ठेवण्याजोगी आहेत. लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवारी करणारा मुलगा प्रथम गुंड्या लावणे, काठ दुमडून शिवणे अशी अखेरच्या टप्प्यातील कामे करतो; मग शिवण, आणि कापड बेतण्याचे काम सर्वांत शेवटी. त्यामुळे तयार कपड्याची घडण पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताखालून जाते, आणि पुढच्या प्रत्येक पायरीचा हेतू त्याला आधीच ठाऊक झालेला असतो. याउलट अमेरिकेतील मोठ्या दुकानांत मांस कापण्याचे काम शिकू पाहणाऱ्या काही उमेदवारांची अवस्था होती. त्यांना मांसाचे तुकडे वेष्टनात गुंडाळण्याच्या यंत्रापाशी उभे केले जाई, आणि मुरलेले कारागीर दुसऱ्या खोलीत काम करीत. त्यांचा हात कसा चालतो, हे या उमेदवारांना दिसतच नसे.

या दुसऱ्या उदाहरणात एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कोणा कारागिराने विद्या लपविली, असे येथे घडलेले नाही. ती मधल्या भिंतीने लपविली. यावरून असे म्हणता येईल की, मोकळेपणा हा व्यक्तीच्या औदार्याइतकाच कामाच्या मांडणीचाही प्रश्न आहे. जे काम दिसत नाही, त्याचे फळ कितीही सढळ हाताने वाटले, तरी पाहणाऱ्याच्या हाती कला येत नाही.

२. यंत्रदुरुस्तीच्या गोष्टी

पहिले सविस्तर उदाहरण झेरॉक्स या कंपनीतील छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचे. ज्युलियन ऑर यांनी मानवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने या तंत्रज्ञांबरोबर वावरून त्यांच्या कामाचे निरीक्षण केले व १९९६ साली ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कंपनीची समजूत अशी की, बिघाडाचा क्रमांक यंत्र दाखविते, त्या क्रमांकाला कोणता उपाय करावयाचा ते पुस्तिकेत दिलेले असते, आणि तंत्रज्ञाने त्या सूचना पाळल्या की काम झाले. प्रत्यक्षात पुस्तिकेत न बसणारे बिघाड नेहमीच उद्भवत. अशा वेळी तंत्रज्ञ एकमेकांना गोष्टी सांगत. अमुक यंत्रात असेच झाले होते, तेव्हा प्रथम हा भाग संशयित वाटला, पण दोष निघाला भलतीकडेच, अशा या गोष्टी न्याहारीच्या किंवा जेवणाच्या मेजावर, तसेच उघड्या यंत्रापुढे बसूनही चालत. एका अवघड प्रसंगी तंत्रज्ञ व त्याच्या साह्यास आलेला तज्ज्ञ या दोघांनी कित्येक तास अशा आठवणींची जुळवाजुळव करून अखेरीस दोषाचे निदान केल्याचे ऑर यांनी नोंदविले आहे. गप्पा म्हणून जिची उपेक्षा व्हावी, ती वस्तुतः या समुदायाची संदर्भ-ग्रंथसंपदाच होती.

ही संपदा एका मेजाभोवतीच राहू नये, म्हणून कंपनीच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी १९९० नंतरच्या दशकात ‘युरेका’ नावाची एक व्यवस्था उभी केली. तिचा पहिला प्रयोग फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाला सापडलेली युक्ती त्याने टिपणरूपाने संगणकावर पाठवावी, जाणत्या सहकाऱ्यांनी ती पडताळून पाहावी, आणि खरी ठरल्यास ती सर्व तंत्रज्ञांना उपलब्ध व्हावी, असा तिचा क्रम होता. प्रत्येक टिपणामागे काही मोबदला द्यावा, असा विचारही पुढे आला. परंतु तसे केल्यास टिपणांच्या गुणापेक्षा संख्येकडेच लक्ष जाईल, अशी भीती खुद्द जाणत्या तंत्रज्ञांनाच वाटली. मोबदल्याऐवजी टिपणासोबत लिहिणाऱ्याचे नाव जोडण्यात आले. आपल्या पेशातील माणसांनी आपले नाव एखाद्या युक्तीसाठी आदराने घ्यावे, हाच तेथे मोबदला ठरला.

या व्यवस्थेचे यश केवळ यंत्रणेत शोधणे योग्य होणार नाही. न्याहारीच्या मेजावर ज्या तीन गोष्टी आपोआप घडत, त्याच येथे जपल्या गेल्या. काय बिघडले याची हकीकत, ऐकणाऱ्यांकडून तिचा पडताळा, आणि सांगणाऱ्याचे नाव, या त्या तीन गोष्टी होत. यांपैकी एकही वगळली असती, तर उरले असते ते आणखी एक पुस्तिकेचे कोठार.

३. अपुऱ्या कल्पनांची उघड मांडणी

‘युरेका’त पडताळून झालेली युक्ती सर्वांपुढे येई. यापुढची पायरी म्हणजे, जे अद्याप पडताळलेले नाही, किंबहुना जे बहुधा चूकच निघेल, तेही सर्वांसमक्ष मांडणे. गणितासारख्या एकांतप्रिय शास्त्रात हा प्रयोग झाला, हे विशेष होय. केंब्रिजचे गणिती टिमोथी गावर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये असा प्रश्न विचारला की, एखादा अवघड सिद्धांत अनेकांनी मिळून, उघडपणे सिद्ध करणे शक्य आहे काय? फेब्रुवारीच्या आरंभी या प्रयोगास प्रारंभ झाला. त्याला ‘पॉलिमॅथ’ हे नाव मिळाले.

निवडलेला प्रश्न हेल्स-ज्युएट सिद्धांताच्या ‘घनता’रूपाचा होता. मुलांच्या फुली-गोळ्याच्या खेळावरून त्याची स्थूल कल्पना येते. घरांचा पट दोन मितींऐवजी पुष्कळ मितींचा केला आणि त्यातील घरांचा एक ठराविक अंश, मग तो कितीही लहान असो, व्यापला, तर मितींची संख्या पुरेशी मोठी असताना एक सरळ ओळ पूर्ण झाल्यावाचून राहत नाही. याची सिद्धता फर्स्टेनबर्ग व कॅट्झनेल्सन यांनी १९९१ साली दिली होती. परंतु ती गणिताच्या एका निराळ्या व जड शाखेच्या साह्याने. अधिक मूलगामी, मोजणीच्या मार्गाने जाणारी सिद्धता हवी होती.

सहभागी होणाऱ्यांसाठी जे संकेत ठरले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सिद्धतेइतकेच महत्त्वाचे आहेत. प्रत्येकाने एका वेळी एकच छोटी कल्पना मांडावी. एकट्याने दूर जाऊन दीर्घकाळ विचार करून परिपूर्ण मजकूर आणू नये. कल्पना बाळबोध वाटली तरी ती मांडण्यास संकोचू नये, आणि इतरांनी तिच्याशी सौजन्याने वागावे. एरवी गणिती आपले खोडलेले कागद टोपलीत टाकतो आणि घडी घातलेली सिद्धता तेवढी बाहेर आणतो. येथे ते खोडलेले कागदच सर्वांपुढे आले. सदतीस दिवसांत सत्तावीस जणांनी सुमारे ८०० टिपणे लिहिली. त्यांची शब्दसंख्या सुमारे १,७०,००० भरते. तेवढ्या अवधीत प्रश्नाची मुख्य अडचण सुटली होती. ही सिद्धता ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने लिहिली गेली व २०१२ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे २०१३ साली यितांग झांग यांनी मूळ संख्यांच्या अशा अनंत जोड्या आहेत की ज्यांतील अंतर सात कोटींहून कमी असते, असे सिद्ध केले, तेव्हा याच पद्धतीच्या दुसऱ्या प्रयोगाने ती मर्यादा ४,६८० पर्यंत खाली आणली. त्यानंतर जेम्स मेनार्ड यांनी एकट्याने, निराळ्या वाटेने, ती ६०० वर आणली; आणि त्यांची पद्धत समूहाने जोडून घेतल्यावर २०१४ साली ती २४६ झाली. एकांतातील चिंतन व समूहातील मंथन हे परस्परांचे शत्रू नाहीत, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४. मोकळेपणाची किंमत कोण देतो?

येथवरचे विवेचन वाचून मोकळेपणा ही निर्भेळ हिताचीच गोष्ट आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो दुरुस्त केला पाहिजे. पहिल्या पॉलिमॅथ प्रयोगात गावर्स आणि टेरेन्स टाओ यांच्यासारखे गणितातील फील्ड्स पदक मिळविलेले विद्वान होते. त्यांनी सर्वांसमक्ष चूक केली, तरी त्यांच्या कीर्तीला ओरखडा येत नाही. उलट ज्याला अद्याप पदवी किंवा नोकरी मिळवावयाची आहे, त्याची चूक कायमची नोंदली जाते, आणि त्याची चांगली कल्पना सामूहिक नावात विरून जाते. नेमणूक करणारी समिती विचारते ते ‘तुमचे काय?’ एवढेच. म्हणजे एकच मोकळेपणा प्रस्थापिताला स्वस्त आणि नवागताला महाग पडतो. हातचे राखण्याच्या वृत्तीचे मूळ पुष्कळदा या हिशेबात असते.

यावर उपाय उपदेशाचा नसून व्यवस्थेचा आहे. टिपण कोणी व केव्हा लिहिले याची नोंद कायम राहिली, तर उघडपणे सांगणे हेच अग्रहक्काचे प्रमाण ठरू शकते. पॉलिमॅथमधील प्रत्येक टिपण असे नाव व वेळ यांसह पाहावयास मिळते. ‘युरेका’त नावाने जे काम केले, तेच येथे तारखेने केले. मात्र ती नोंद वाचून तिची किंमत करण्याची तयारी परीक्षकांनी व निवड समित्यांनी दाखविली पाहिजे.

दुसरी मर्यादा मूक सभासदांविषयीची आहे. अशा समुदायात लिहिणारे थोडे व वाचणारे पुष्कळ असतात. पॉलिमॅथमध्येही बहुतेक भार मोजक्याच जणांनी उचलला. मूक वाचकांना फुकटे म्हणण्याची प्रथा आहे. परंतु लेव्ह व वेंगर यांच्या दृष्टीने पाहता, परिघावर बसून जाणत्यांच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती न्याहाळणे, हे शिकणेच होय. प्रश्न एवढाच की, त्याला पुढे सरकावयास वाट आहे काय? शिंप्याच्या मुलाला गुंड्या होत्या. संगणकाच्या पडद्यापुढील नवागतासाठीही तशी लहान पण खरी कामे राखून ठेवावी लागतात. एखादा दाखला तपासणे, मजकुराचा गोषवारा करणे, आकडेमोड पुन्हा करून पाहणे, ही त्यांची उदाहरणे होत. अशी पायरी नसेल, तर दार उघडे असूनही उंबरठा ओलांडला जात नाही.

तिसरी मर्यादा नैतिक आहे. संशोधकाला कोणी विश्वासाने सांगितलेली खासगी हकीकत ही त्याची स्वतःची नव्हे. ती उघड करण्याचा अधिकारही त्याला नाही. मोकळेपणाचे तत्त्व स्वतःच्या कामाला लावावयाचे असते, दुसऱ्याच्या विश्वासाला नव्हे.

५. समारोप

लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. संगणकाच्या जाळ्याने तयार फळाची वाटणी सोपी केली. परंतु काम दिसणे, चूक क्षम्य असणे, सांगणाऱ्याचे नाव राहणे आणि नवागताला पायरी मिळणे, या चार गोष्टी ते आपण होऊन देत नाही. त्या समुदायाला घडवाव्या लागतात. जेथे त्या घडविल्या गेल्या, तेथे यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ काय किंवा गणिती काय, हातचे राखण्याचे कारण त्यांना उरले नाही.

हा विचार आपल्या विद्यापीठीय जीवनालाही लागू पडतो. प्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात कोणालाही पाहावयास मिळते; परंतु फसलेली प्रश्नावली, टाकून दिलेले प्रकरण, मार्गदर्शकाने समासात केलेले बदल, हे सर्व विद्यार्थ्याच्या कपाटात राहते, आणि पुढचा विद्यार्थी त्याच खड्ड्यात नव्याने पडतो. प्रत्येक विभागाने संमतीने, नावानिशी व तारखेनिशी अशी टिपणे जपून ठेवली, आणि त्यांचा प्रारंभ प्राध्यापकांनी स्वतःच्या चुकांपासून केला, तर विद्यार्थ्यांचा संकोच आपोआप कमी होईल. ज्याला चूक दाखविण्याची सर्वांत कमी किंमत पडते, त्यानेच ती प्रथम दाखवावी, हे न्यायाला धरून आहे.