निशिगंधाची परीक्षा लिफ्टमध्ये

चार अब्ज युरोंच्या सौद्याची ती बातमी एव्हाना शिळी झाली. गुचीची मालक असलेल्या केरिंगने आपला सौंदर्यप्रसाधनांचा धंदा लॉरिआलला विकायचं ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलं, अर्थपानांनी आलेख काढले, तज्ज्ञांनी माना डोलावल्या. आमच्या सिंगापूरच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्या सगळ्यातून एकच प्रश्न निघाला : "म्हणजे आता माझं 'ब्लूम' बदलणार का गं?"

प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. 'ब्लूम' हा गुचीचा सेंट, पण गुचीच्या नावाचा सेंट गुची बनवत नाही. तो बनवायचा परवाना २०१६पासून कोटी या कंपनीकडे आहे. (संस्थापक फ्रान्स्वा कोटीने लावलेलं ते आडनाव. आपल्या कोटीशी त्याचा संबंध नाही, उलाढाल बघता शोभतं मात्र.) कोटीची मुदत संपली की गुचीचे सेंट पन्नास वर्षांसाठी लॉरिआलकडे जातील, असा करार आहे. म्हणजे बाटलीवरचं नाव तेच, बनवणारे हात दुसरे. सासर बदललेल्या मुलीच्या हातची आमटी पुढे कुणाच्या चवीची होणार, तशातली ही काळजी आहे.

पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त छळतो. बदललं, हे आपल्याला कळणार कसं? सेंट चांगला की वाईट, हे आपण ठरवतो तरी कशावरून?

तीन फुलं, एक बाटली

ब्लूम २०१७ साली आलं. बनवणारे अल्बेर्तो मोरियास मूळचे सेव्हिलचे. 'सीके वन' आणि 'अक्वा दि जिओ' यांमागेही त्यांचाच हात. कंपनी ब्लूममधले मुख्य गंध तीन सांगते : निशिगंध, जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या कळ्या आणि रंगून क्रीपर. हे तिसरं नाव काउंटरवरची मुलगी असं काही गूढ आवाजात उच्चारते की, वाटावं ब्रह्मदेशातल्या एखाद्या मठात भिक्षूंनी जपलेली वेल असेल. ती आपली मधुमालती. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होते, मग लाल. पुण्यात सोसायट्यांच्या फाटकांवर चढलेली असते ती. सिंगापुरातही कुंपणांवर दिसते, तिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही.

तेव्हा हा सेंट मराठी बाईला आवडावा यात नवल नाही. तिच्या परसातली फुलं गुलाबी बाटलीत भरून तिलाच परत विकली आहेत. पण आवडणं निराळं आणि पारखणं निराळं. पारखण्यात मी आजवर पाहिलेल्या सगळ्यांत एकच बाई खरी वाकबगार. आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमधल्या मैत्रिणीच्या सासूबाई. डोंबिवलीहून वर्षातून तीन महिने येतात. आम्ही सगळ्या त्यांना काकूच म्हणतो.

काकूंनी ब्लूम पहिल्यांदा हुंगलं आणि क्षणभरही न थांबता सांगितलं, "हा तर कार्यालयातला वास गं. स्टेजच्या मागे गुलछडीच्या माळा सोडतात ना, तिथला."

"म्हणजे चांगला की वाईट, काकू?"

"तुझ्या लग्नाची आठवण आली तर चांगला. फोटोला घातलेल्या हाराची आली तर वाईट."

एका वाक्यात एवढं सांगणारा जाणकार मला पुस्तकांतही सापडलेला नाही. लुका ट्यूरिन आणि तानिया सांचेझ यांनी २००८ साली शेकडो सेंटना तारे वाटणारं जाडजूड पुस्तक काढलं. वाचायला बहार आहे. पण तारा देणाऱ्याच्या घरी गुलछडीचा हार कुठल्या भिंतीवर होता, हे त्यात कुठे असतं?

त्याच फुलाचं दुसरं नाव

आणि सिंगापुरात तर हार एकट्या मराठी भिंतीवरचा नसतो. निशिगंध हे किती शालीन नाव आहे आपलं! मूळचं मेक्सिकोचं झाड, पण नाव असं दिलं की वाटावं कालिदासाच्या अंगणातलं असेल. त्याच फुलाला मलय भाषेत 'सुंदाल मालाम' म्हणतात. मालाम म्हणजे रात्र. सुंदाल म्हणजे काय, ते मला शेजारच्या मलय आजींनी हसून, तोंडावर हात धरून सांगितलं. रात्री उमलणाऱ्या फुलाला आपण कवितेत बसवलं, त्यांनी माडीवर.

देवचाफ्याची गत याहून वाईट. आपल्याकडे तो देवळाच्या आवारात असतो. इथे कबरस्तानात. संध्याकाळी आसपास फूल नसताना चाफ्याचा वास आला तर पोंतियानाक, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत, जवळ आहे, असं जुनी माणसं सांगतात. तिच्यावर १९५७ साली सिंगापुरातच निघालेला सिनेमा तुफान चालला होता. दिग्दर्शक बी. एन. राव, म्हणजे आपल्याच देशातून आलेला माणूस. आता 'दिवेलागणीला अत्तर लावून वडाखाली जाऊ नको' हे ऐकत मोठी झालेली मराठी बाई यावर हसणार कुठल्या तोंडाने?

सोनचाफ्याचं मात्र नातं जुळलं. चंपक, चाफा, मलयमध्ये चेंपाका. पूर्वेकडच्या तानाह मेराह भागात त्याच्या नावाच्या गल्ल्याच आहेत. दिओरच्या 'जादोर'मध्ये (१९९९) चाफ्याचा गंध असल्याचं कंपनी सांगत आली. ते लावून त्या भागात फिरा, भूत म्हणून कुणी पळणार नाही.

कागदाच्या पट्टीवर काय कळतं?

ऑर्चर्ड रोडवरच्या कुठल्याही काउंटरवर कागदाची पट्टी हातात येते. पट्टी थंडगार मॉलमध्ये, कोरडी, घाम न येणारी. तुम्ही तशा आहात का? काउंटरवर दहा मिनिटांत जे कळतं ती सेंटची प्रस्तावना असते. लिंबूवर्गीय, हलके रेणू आधी उडतात, फुलं मागून येतात, लाकूड, व्हॅनिला, कस्तुरीसारखे जड गंध तळाशी तासन्‌तास बसतात. कंपन्यांची सारी हुशारी पहिल्या दहा मिनिटांवर खर्च होते, कारण कार्ड तेवढ्यातच घासलं जातं.

नाक ताजं करायला म्हणून शेजारी कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते. त्या बियांचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. कोपराच्या आतल्या बाजूला स्वतःचीच कातडी हुंगावी. फुकट असते.

आपल्या आज्यांची पद्धत याहून शास्त्रशुद्ध होती, असं माझं ठाम मत आहे. हळदीकुंकवाला यजमानीण अत्तराचं बोट तळहाताच्या मागच्या बाजूला लावायची. कागदावर नाही, कातडीवर. मग त्या कातडीसकट तुम्ही तासभर वीस बायकांच्या गर्दीत, पंख्याखाली, घामात बसायच्या, वाटली डाळ खायच्या, आणि घरी जाताना हात पुन्हा नाकाशी न्यायच्या. आवडलं तर विचारायच्या, "कुठलं गं हे?" कातडी, उकाडा, गर्दी आणि वेळ या चारही चाचण्या एका दुपारात.

उकाडा, गारठा, उकाडा

सिंगापुरात ही दुपार बाराही महिने असते. पारा ३१ ते ३३ अंशांवर, हवेतली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. शिवाय इथला माणूस दिवसातून दहा वेळा हवामान बदलतो. घरातून खाली कोंदट, एमआरटी या मेट्रोत गार, रस्त्यावर घामाघूम, ऑफिसात शाल. उष्णतेत सेंट भरभर उडतो आणि सगळा एकदम अंगावर येतो. गारठ्यात तोच कातडीला चिकटून मुका बसतो. पॅरिसच्या हेमंतात जो मंद वाटला, तो क्लेमेंटीच्या बसथांब्यावर किंचाळतो. निशिगंध तर विशेषच. त्यात नैसर्गिकरीत्या मिथाइल सॅलिसिलेट असतं. आपल्या गंधपुऱ्याच्या तेलातलं, म्हणजे पाठदुखीच्या मलमातलं मुख्य द्रव्य तेच. जाई-मोगऱ्यातलं इंडोल थोडं असेल तर फूल जिवंत वाटतं, जास्त झालं तर शिळं, आणि त्याहून जास्त झालं तर ज्याचं नाव रविवारच्या पुरवणीत काढू नये असं काही.

माझी एक मैत्रीण ब्लूम लावून भर दुपारी बसने निघाली, तर शेजारच्या चिनी आजोबांनी प्रेमाने विचारलं की, गुडघा दुखतो का. इथे औषधी तेलाची कुपी खिशात नसलेला म्हातारा शोधून सापडत नाही, त्यामुळे आजोबांचं नाक त्या बाबतीत तयार. गंमत म्हणजे अत्तरांच्या दुकानांसाठी ओळखला जाणारा इथला काम्पोंग ग्लाम भाग गेलाम नावाच्या झाडावरून ओळखला जातो, आणि त्या झाडाच्या जातीपासून निघणारं काजूपुटी तेल बाममध्येच पडतं. सुगंध आणि औषध या गावात पहिल्यापासून एका ताटात जेवतात. त्याच भागात बसोरा स्ट्रीटवर १९३३पासूनचं जमाल कझुरा हे अत्तरांचं घराणं आहे. तिथलं बिनअल्कोहोलचं अत्तर बोटाने लावायचं, फवारायचं नाही. काकू तिथे माहेरी आल्यासारख्या रमतात.

'टिकत नाही हो'

डिझायनर सेंटबद्दलची सर्वांत मोठी तक्रार ही. दीडशे डॉलर घालवले आणि दोन तासांत गायब. गायब होतं ते बहुतेक वेळा आपलं नाक. एकच वास सतत आला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. स्वतःच्या घराचा वास आपल्याला कुठे येतो? त्यातून माणसागणिक नाक निराळं. वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आपल्याकडे असतात, आणि दोन माणसांमध्ये त्यांतले जवळपास ३० टक्के वेगळं काम करतात. काही कृत्रिम कस्तुरी तर कित्येकांना मुळीच जाणवत नाहीत. तेव्हा एकीला 'उडून गेला' वाटणारा सेंट दुसरीला ऑफिसच्या पलीकडच्या टोकाला डोकं धरायला लावतो, आणि खरं दोघीही बोलतात.

म्हणून सेंट लावणारीचं मत हे सर्वांत कच्चं मत. निकाल दुसऱ्याने द्यायचा. इथेच काकूंचा शब्दकोश कामाला येतो. कंपन्या माहितीपत्रकात गंधांचा पिरॅमिड काढतात : वर संत्रं, मध्ये फुलं, खाली चंदन. त्यातून आत काय घातलं ते कळतं, बाहेर काय येतं ते नाही. काकू बाहेरचं मोजतात. जवळ आल्यावरच कळतो तो मंद. तुम्ही गेल्यावर मागे रेंगाळतो तो दरवळ. तुमच्या आधी खोलीत शिरतो तो भपकारा. आणि नाकात शिरून बाहेर पडायला तयार नसतो तो दर्प. दर्प म्हणजे गर्वही, हे आपल्या भाषेने उगाच केलेलं नाही. घमघमाट हा शब्द काकू फोडणीसाठी राखून ठेवतात, त्यामुळे गोडगोड, कॅरॅमल घातलेल्या हल्लीच्या सेंटना त्या सरळ 'बेकरी' म्हणतात. १९९२च्या 'एंजेल'पासून सुरू झालेली ती बेकरी अजून बंद व्हायचं नाव घेत नाही.

या सगळ्याची अंतिम परीक्षा लिफ्टमध्ये. दोन मीटर चौरस जागा, मलय, चिनी, तमिळ, मराठी नाकं, आणि बारा मजले. ड्युरियनला इथे एमआरटीत बंदी आहे. सेंटला नाही, पण लिफ्टमधली मान फिरवलेली माणसं कायद्यापेक्षा कमी नसतात.

बदलणार का?

आता मूळ प्रश्न. बदलणार, बहुधा. पण मालक बदलला म्हणूनच असं नाही. सेंट तसेही गुपचूप बदलत असतात. पांढऱ्या फुलांच्या सेंटमध्ये सर्रास पडणारी लायरल आणि लिलिअल ही दोन द्रव्यं युरोपीय संघाने ॲलर्जी आणि आरोग्याच्या कारणावरून बाजारातून काढली. लायरलची शेवटची मुदत ऑगस्ट २०२१ होती, लिलिअलची मार्च २०२२. कित्येक नामांकित बाटल्यांची सूत्रं त्या काळात पुन्हा लिहिली गेली. बाटलीवर कुणी 'आता नवीन चव' असं छापलं नाही. डिटर्जंट कंपन्या या बाबतीत जास्त प्रामाणिक म्हणायच्या.

तेव्हा घाबरून तीन बाटल्या भरून ठेवू नका. उष्णता आणि उजेडाने सेंट बिघडतो आणि सिंगापुरात दोन्ही मुबलक. घ्यायचाच असेल तर चांगी विमानतळावरून घ्या, पण 'ड्यूटी-फ्री' या शब्दाला भुलू नका. सिंगापुरात परफ्यूमवर आयातशुल्क मुळातच नाही. वाचतो तो ९ टक्के जीएसटी. शहरातला सेल कधीकधी त्याहून जास्त देऊन जातो.

माझी ब्लूमची बाटली अपारदर्शक आहे, किती उरलंय ते दिसत नाही, कानाशी धरून हलवावी लागते. गेल्या महिन्यात ती मी काकूंच्या हातात दिली. त्यांनी मनगटावर नाही, पदराच्या टोकाला एकदाच फवारलं आणि भाजीला गेल्या. दीड तासाने परतल्या त्या तणतणत.

"त्या तुमच्या मलय आजी भेटल्या लिफ्टमध्ये. माझ्याकडे बघून वास घेतला आणि म्हणाल्या, 'वांगी!' अगं, माझ्या पिशवीत दुधी होता."

मी हसून हसून बेजार. मलय भाषेत वांगी म्हणजे सुवासिक. सहा वर्षांपूर्वी मीही डब्यातली भरली वांगी लपवली होती. काकूंना अर्थ सांगितला तसा त्यांनी पदर नाकाशी नेला, जरा विचार केला.

"कितव्या मजल्यावर म्हणाल्या माहितीये? मी शिरले तळमजल्यावर, त्या बोलल्या आठव्यावर. म्हणजे भपकारा नाही. ठेव ही बाटली. बदलली तर त्याच सांगतील."